एका मेंबरची जिल्हा शाखा

आमच्या आंजीत महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एक सभा भरे. जागा झाडेबाबूंची ओसरी, वेळ दुपारच्या जेवणानंतरची. बाबू इस्त्रीचा पांढरा शर्ट घालत, खुर्चीवर ताठ बसत, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत अन् खणखणीत आवाजात म्हणत, "सभेची वेळ झालेली आहे. गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब करण्यात येत आहे."

समोर कोणी नसे. पायरीवर मी, अन् अंगणात शेजारच्या कोंबड्या.

मंग ते उठून माझ्याजवळ पायरीवर येत. अर्धा तास आमी पऱ्हाटीच्या, सोयाबीनच्या, कोणाच्या पोरीचं कुठं जमलं त्याच्या गोष्टी करू. अर्धा तास झाला की पुन्हा खुर्ची. "तहकूब सभेस गणपूर्तीची आवश्यकता नाही. कामकाज सुरू करण्यात येत आहे." कामकाज म्हणजे मागच्या सभेचा वृत्तांत वाचणे, तो मंजूर करणे अन् आभार मानणे. वाचणारे तेच, मंजूर करणारे तेच, आभारही तेच मानत अन् तेच स्वीकारत.

पहिल्यांदा पाह्यलं तवा मले वाटलं, बायको गेल्यापासून या माणसाचं काही खरं नाही. मी म्हणलं, "बाबू, अर्धा तास काऊन थांबता? कोणी येणार नाई हे तुमालेबी मालूम, मलेबी मालूम."

"भाऊ, नियम आहे. तुमच्या सेवा सोसायटीची आमसभा अशीच होते ना?"

"होते. पण तिथं भजे असतात."

बाबूंनी मान हलवली, जसं काही मी मोठी दुरुस्ती सुचवली. पुढच्या महिन्यापासून त्यांची पोरगी वंदना भजे करू लागली. सभेत एवढाच काय तो माझा हात.

ही सभा कशाची, ते सांगतो. मी जसं बोलतो तसंच लिहितो. चार इयत्तांत एवढंच हाती लागलं, अन् ते मले पुरलं.

जास्त डोकं असलेल्या लोकांची एक संस्था आहे. मूळ परदेशात, इथं तिची राष्ट्रीय शाखा, अन् तिच्याखाली शहरांच्या, जिल्ह्यांच्या शाखा. नाव इंग्रजी आहे. चुकीचं लिहिण्यापेक्षा न लिहिलेलं बरं. तिच्यात वशिल्यानं जाता येत नाही. एक परीक्षा असते. वाचायचं काही नाही, नुसत्या आकृत्या, चौकटी, रेघा, ठिपके. शेवटची आकृती गाळलेली, खाली दिलेल्यांतून ती हुडकायची. शेकड्यात एखाद-दुसराच पार होते. झाडेबाबू नागपूरले टेलिफोनच्या खात्यात होते तवा हापिसातल्या एकानं पैज लावली म्हणून बसले अन् पार झाले. रिटायर होऊन गावी आले तवा राष्ट्रीय शाखेनं त्यांले वर्धा जिल्ह्याचं प्रमुख करून टाकलं. जिल्ह्यात मेंबर एकच. झाडेबाबू.

गावात तिले 'डोकेवाल्यांची पार्टी' म्हणत. बाबूंले ते आवडत नसे. मेंबरपणाचं कार्ड ते शर्टाच्या वरच्या खिशात ठेवत, अन् कोणी विचारो न विचारो, पाणी प्याले वाकले की ते खाली पडे. मंग उचलून पुसत, अन् समोरच्याले दिसेल असं धरून पुन्हा ठेवत. साधा माणूस नव्हता तो. गर्व होता. मले त्यात काही वाईट वाटत नसे, कारण माझाही कमी नाही.

पण लोकाले वाटे, हुशार म्हणजे कामाचा माणूस. बाबू कामाचे नव्हते. बाजारातून वांगे आणले तं किडके, पपई आणली तं दगडासारखी. एकदा आर्वीच्या डेपोत आंजीची गाडी समजून तळेगावच्या गाडीत बसले. संध्याकाळी घरी आले तवा मी विचारलं, "बोर्ड नाई वाचला?"

"वाचला, भाऊ. पण समोरच्या सीटच्या कापडावर चौकडे होते. त्यात एक ओळ उलटी लागली होती. ती पाहत राह्यलो."

अन् गप बसणं त्यांले जमत नसे. एका वर्षी गणपतीत मंडळानं पोरापोरींची प्रश्नमंजूषा ठेवली. सरपंच कप द्याले उठले. बोबड्याची पोरगी पहिली आली होती, नवा फ्रॉक घालून स्टेजवर चढली. तेवढ्यात मागून बाबू उभे राह्यले. "थांबा. तिसरा प्रश्नच चुकीचा आहे. दिलेल्यांतलं एकही उत्तर बरोबर येत नाही."

खरं तेच होतं. पण सरपंच कप हातात धरून तसेच उभे, अन् पोरगी रडाले लागली. दुसऱ्या दिवशी बाबूंले वाईट वाटलं. जिलेबी घेऊन बोबड्याच्या घरी गेले, अन् तिथंही पोरीच्या बापाले तो प्रश्न कसा चुकीचा होता हे नीट समजावून आले. तवापासून मंडळानं त्यांची वर्गणी घेतली, पण बोलावणं कधी धाडलं नाही.

जिल्ह्यात ती आकृत्यांची परीक्षा बाबूच घेत, अन् परीक्षा घेणाराची सवय त्यांच्या तोंडात बसली होती. शेताच्या धुऱ्यावरून दोघे भाऊ रस्त्यात हमरीतुमरीवर आले असले, अन् बाबू तिथून जात असले, की मधात जाऊन म्हणत, "वेळ संपली. पेन्सिली खाली ठेवा." भांडणारे एकमेकांकडे पाहत. कोणती पेन्सिल? तोवर अर्धा राग गेलेला असे.

बाबूंच्या घरी मोबाईलले रेंज नसे, शेजारीच माझ्या स्लॅबवर असे. म्हणून राष्ट्रीय शाखेची फोनवरची सभा असली की बाबू माझ्या स्लॅबवर. मी बाजूले मिरच्या वाळत घालू, ते पाण्याच्या टाकीले फोन टेकवून बसत. फोनमधी लहान लहान चौकटीत तोंडं दिसत, दिल्लीचे, मद्रासचे, कुठकुठचे. मले वाटलं, आता काहीतरी मोठं ऐकू येईन. ऐकलं तं एक बाई म्हणून राह्यली की वार्षिक सभेच्या जेवणात पनीर पायजेच. दुसरा म्हणे, मागच्या वर्षीचं हॉटेल भिकार होतं. तिसऱ्याले मागच्या निवडणुकीत कोणी तरी पाडलं होतं, तो अजून तापलेलाच. सगळ्यात शेवटी कोणी म्हणे, "वर्धा, आपका कुछ है?" बाबू आवाज चालू करेपर्यंत "ठीक है, थँक यू" झालेलं असे.

मी म्हणलं, "बाबू, हे तं आपल्या ग्रामपंचायतीवानीच आहे."

"तसंच आहे, भाऊ." ते फोन पुसत म्हणाले. "पण मधात मधात कोणी एखादी गोष्ट अशी बोलते, की मले ती पहिल्यापासून उलगडून सांगा लागत नाही. तेवढ्यासाठी बाकीचं ऐकतो."

त्या दिवशी मले समजलं की हा माणूस गावात राहूनही गावात राहत नाही. पण समजून मी काय करणार? मिरच्या उलथवल्या.

जिल्ह्यात आणखी मेंबर पायजे म्हणून बाबू परीक्षेचे सीलबंद पाकीटं घेऊन एसटीनं शाळाशाळांत फिरत. आर्वी, समुद्रपूर, कुठंही. सापडत कोणी कोणी. आर्वीच्या एका शिंप्याचा पोरगा सापडला. समुद्रपूरची एक पोरगी सापडली, बाप एसटीत कंडक्टर. पोर सापडलं की बाबूंच्या अंगात यायचं. त्याच्या मायबापाशी भांडत, संस्थेतल्या मोठ्या लोकाले फोन करत, शिकायची सोय लावत, अन् स्वतः जाऊन गाडीत बसवून देत. "इथं राहून काय करशील? जाय." पोरं जात. पुण्याले, बंगळूरले. अन् संस्थेचा नियम असा, की ज्याचा पत्ता जिथला, तो तिथल्या शाखेचा मेंबर. म्हणजे बाबूंनी मेंबर हुडकावा अन् वर्धा पुन्हा एकावर यावी.

समुद्रपूरच्या त्या पोरीची माय एकदा त्यांले गाडीत भेटली. हे बाबूंनीच मले सांगतलं. ती बाई भर गाडीत म्हणाली, "बाबू, माही पोरगी हुशार हाय म्हणून तुमी सांगतलं. ते मले पयलेच मालूम होतं. तुमी तिले काऊन सांगतलं?"

"मंग तुमी काय म्हणलं?"

"काही नाही. माझं स्टॉप आलं."

स्टॉप आलं नव्हतं. बाबू दोन गावं आधीच उतरले होते, अन् तिथून पायी आले. हळूहळू असं झालं की बाबू शाळेत येणार असं कळलं की आया पोरं घरी ठेवत. ताप आहे म्हणत. पोटात दुखते म्हणत. बाबू घरी गेले तं वाईट बोलत नसत, चहा पाजत, अन् पोर मागच्या दारानं काढून देत.

एक दिवस स्लॅबवरून बाबू उतरले ते पायरीवरच बसले. राष्ट्रीय शाखेनं ठरवलं होतं, की एकाच मेंबरच्या जिल्हा शाखा बंद करायच्या अन् जवळच्या शहरात मिळवायच्या. वार्षिक सभेपर्यंत दुसरा मेंबर दाखवा, नाही तं वर्धा नागपुरात गेली.

"जाऊ द्या ना, बाबू. नागपूर काय परदेशात आहे?"

"भाऊ, नागपूरच्या सभेत बसाले खुर्ची नाही भेटत, एवढे लोक आहेत. तिथं मी कोण?" मंग माझ्याकडे पाह्यलं. "तुमी बसता?"

"कुठं?"

"परीक्षेले."

मी म्हणलं, "चौथीत मले मास्तरनं नापास केलं. आता म्हाताऱ्यापणी राष्ट्रीय शाखेकडून होणार नाई."

"नापासच व्हाल कशावरून?"

"अन् पास झालो तं? मंग मले खुर्चीवर बसून आभार माना लागन. मले पायरी बरी आहे."

ते हसले, पण त्यांच्या हसण्यात जीव नव्हता.

आता वंदनाचं सांगतो. बाबूंची एकुलती एक. नवऱ्याघरी पटलं नाही म्हणून माघारी आली, अन् घरासमोरच्या खोलीत पिठाची चक्की टाकली. कमी बोलणारी. केसांवर, भुवयांवर नेहमी पीठ. बाप ओसरीवर मले काही समजावून सांगत असला अन् मधात चुकला, तं ती चक्की बंद करे. बोले काहीच नाही. त्या घरघराटात तिले कसं ऐकू ये, देव जाणे. चक्की थांबली की बाबूही थांबत, मनात पुन्हा फिरवून पाहत अन् म्हणत, "नाही, नाही, उलट आहे." मंग चक्की चालू होये. मी ते इतक्यांदा पाह्यलं, बाबूंनीही अनुभवलं, पण त्याच्यातून दोघांपैकी एकाच्याही ध्यानात काही आलं नाही. घरातल्या माणसाले कोणी मोजत नाही.

वार्षिक सभा जवळ आली तवा बाबू सकाळीच माझ्याकडे आले. म्हणाले, "भाऊ, मी आंधळा आहो. आर्वी पाह्यली, समुद्रपूर पाह्यलं. घरातली चक्की नाही पाह्यली."

मले घेऊनच चक्कीवर गेले. कोणाले विनंती करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, त्यामुळं ते त्यांले नीट येतही नव्हतं. एकदम म्हणाले, "वंदे, तू परीक्षेले बसतेस काय? माझ्यासाठी."

ती डब्यात पीठ भरत होती. हात थांबला नाही. "बरं," म्हणाली.

स्वतःच्या माणसाची परीक्षा घेता येत नाही असा नियम आहे. म्हणून नागपूर शाखेचे पांडेसाहेब, बाबूंचे जुने मित्र, रविवारी येणार असं ठरलं. अन् इथंच बाबूंनी ती चूक केली. त्यांच्यासारखा माणूसच करू शकते अशी चूक. पोरगी हो म्हणाली तेव्हापासून ती पास झालीच असं धरून ते पुढचं बांधाले लागले. माझ्या स्लॅबवरून आर्वीच्या त्या शिंप्याच्या पोराले फोन लावला, तो आता पुण्याले मोठ्या कंपनीत आहे. "वंदनासाठी पाहा. काही शिकायचं पाहा, राहायचं पाहा. वय झालं म्हणू नको, डोकं वय पाहत नाही. इथं चक्कीवर जनम घालून राह्यली ती."

मी जिन्याकडे तोंड करून बसलो होतो. वंदना माझा पिठाचा डबा घेऊन वरच्या पायरीवर उभी होती. सगळं ऐकलं तिनं. मले म्हणाली, "काकाजी, तुमचा डबा," अन् खाली गेली.

फोन झाल्यावर मी बाबूंले झाडलं. "तुमाले साखरेची बिमारी आहे. पायाले काटा टोचला तरी समजत नाई. डोळ्यानं निम्मं दिसते. ती गेल्यावर तुमाले कोण पाहीन?"

"तुमी आहा ना."

"मी? मलेच कोण पाहीन हे ठरलं नाई अजून. अन् दुसरं सांगा. ती पुण्याले गेली म्हणजे तिचा पत्ता पुण्याचा. मंग तुमची शाखा पुन्हा एकाचीच ना? कशाले हा खटाटोप?"

बाबूंनी फोन खिशात टाकला. मले वाटलं हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. पण ते म्हणाले, "आलं होतं, भाऊ. पहिल्याच दिवशी आलं. पण ती पास झाली तं मंग शाखेचं काय घेऊन बसले तुमी? शाखा गेली खड्ड्यात."

ज्या माणसानं रिकाम्या ओसरीवर वर्षानुवर्षं सभा तहकूब केली, तो असं म्हणत होता.

रविवारी पांडेसाहेब आले. शाळेच्या एका खोलीत वंदना बसली, आणखी दोघं-चौघं कॉलेजवाले. बाबू शाळेच्या गेटाबाहेर उभे राह्यले, आत पाहायचंही नाही म्हणून पाठ करून. मी त्यांच्यासोबत. वंदना बाहेर आली तवा बाबूंनी विचारलं, "कशी गेली?"

"झाली," म्हणाली. "बायका डबे घेऊन उभ्या असतील," म्हणाली, अन् पदर खोचून भराभरा चक्कीकडे निघाली.

निकाल लागला तवा आमी स्लॅबवरच होतो. पास-नापास एवढंच सांगायची रीत आहे, पण पांडेसाहेब दोस्त माणूस. फोनचा आवाज मोठा होता, मलेही ऐकू येत होतं. "झाडेजी, बुरा मत मानिए. किसी का नहीं हुआ, बिटिया का भी नहीं."

"कितीनं राह्यलं?"

"कितने से क्या, झाडेजी. एक भी सही नहीं है. पूरा पर्चा भरा है, एक भी खाली नहीं छोडा, और एक भी सही नहीं. मैंने फिर से मिलाया. ऐसा तो कभी देखा नहीं."

बाबूंनी फोन बंद केला. मले वाटलं आता खाली बसतील. ते हसले. असे मोठ्यानं हसले की टाकीवरचे कबुतरं उडाले. मंग हसता हसता थांबले अन् कठड्याले धरून उभे राह्यले.

"काय झालं, बाबू? सगळंच चुकलं तं हसता काय?"

"भाऊ, डोळे बांधून चिंचेच्या झाडावर दगडं मारा. चार-दोन चिंचा पडतात का नाही?"

"पडतात."

"ज्याले काही समजत नाही, त्याचेबी आंधळेपणानं काही बरोबर येतात. एवढे दगडं मारायचे अन् एकही चिंच पडू द्यायची नाही, याच्यासाठी काय पायजे? प्रत्येक चिंच कुठं आहे ते मालूम पायजे."

मले समजाले थोडा वेळ लागला. समजलं तवा मी खाली चक्कीकडे पाह्यलं. चक्की चालू होती.

"पार होण्याइतकं बरोबर तं मीबी लिहिलं होतं," बाबू म्हणाले. "पण माझे काही चुकले होते. हिचं एकही चुकलं नाही. एवढा चांगला पेपर मी पाह्यला नाही, अन् संस्थेतबी कोणी पाह्यला नसन. पण हिले नापास होणं नीट नाही आलं. थोडे बरोबर सोडायचे, तं सगळेच ओळखून बसली."

"मंग सांगा पांडेसाहेबाले!"

"शून्य म्हणजे शून्य, भाऊ. नियमात दुसरं काही बसत नाही."

"तं तिले सांगा, मले समजलं म्हणून."

"काय सांगू? तू लबाडी केली म्हणू? का तू जिल्ह्यात सगळ्यात हुशार आहेस म्हणू? एक म्हणलं की दुसरं आपोआप म्हणलं जाते. अन् ती म्हणन, मले आकृत्या समजल्याच नाही बाबा. मले ते मानून घ्या लागन."

"पुन्हा बसवा मंग."

"पुन्हा शून्य आणीन." मंग म्हणाले, "मी तिले पाठवू पाहून राह्यलो होतो. तिनं गाडीच येऊ देल्ली नाही."

आमी खाली उतरलो. मले मुद्दाम सोबत नेलं त्यांनी, एकट्यानं जायची हिंमत नव्हती. चक्कीवर दोन बाया होत्या. वंदनानं विचारलं, "काय म्हणे नागपूर?"

"नाही झालं."

"बरं." तिनं डबा झाकला. "रात्रीले पिठलं करू का वरण?"

"पिठलं," बाबू म्हणाले.

एवढंच बोलणं. ते दोघं एकमेकाले सगळं सांगून मोकळे झाले, अन् एकानंही काही सांगतलं नाही. मी मधात उभा. कोणाची बाजू घेणार? दोघंही बरोबर होते अन् दोघांचंही नुकसान झालं होतं.

वार्षिक सभेनंतर पांडेसाहेब आले, परीक्षेच्या पाकिटांची पेटी अन् शिक्का घेऊन गेले. दारावरची शाखेची पाटी बाबूंनीच काढून देल्ली. पांडेसाहेब म्हणाले, "नागपूर की मीटिंग में जरूर आना, झाडेजी." बाबू हो म्हणाले. गेले कधीच नाहीत.

त्याच्यानंतर ते चक्कीवर बसू लागले. वंदनाले मदत म्हणून. काम कसलं, पसारा. गव्हाच्या डब्यात ज्वारीचं पीठ, ज्वारीवालीले बेसन. बाया म्हणत, "बाबू, हे कोणाचं पीठ हाय? तुमी राहू द्या बाप्पा, वंदनाले करू द्या." बाबूंले राग येत नसे. ते पोरीकडे पाहत बसत. पाहण्याची तऱ्हा बदलली होती. एखादी गोष्ट घरात आधीपासून आहे अन् आपण आज पाहून राह्यलो, असं ते पाहणं होतं. कधी कधी सहज बोलल्यासारखं तिच्यापुढं एखादं कोडं टाकत. ती म्हणे, "मले नाई समजत, बाबा." ते म्हणत, "कठीणच आहे."

पाय शेवटी घात करून गेलाच. टाचेले काही लागलं, त्यांले समजलंही नाही, अन् समजलं तवा पाय काळा पडत चालला होता. वर्ध्याच्या दवाखान्यात टाकलं. मी गेलतो भेटाले, आंजीच्या सकाळच्या गाडीनं. डावा पाय मांडीपर्यंत पट्ट्यांत. डॉक्टर म्हणत होते, पाय राहीन का जाईन हे आत्ता सांगता येत नाही. वंदना पलंगाशेजारी स्टुलावर बसून संत्रं सोलत होती. चक्की कितीतरी दिवसांची बंद. पहिल्यांदाच तिच्या केसांवर पीठ नव्हतं, अन् मले दिसलं की तिचे केस पांढरे झाले आहेत.

बाबू बारीक आवाजात म्हणाले, "वंदे, पुण्याहून त्या शिंप्याच्या पोराचा फोन आलता. तो अजूनबी बोलावते तुले. जाय. मी सांगतो म्हणून जाय. हे भाऊ आहेत इथं."

तिनं संत्र्याची शीर काढली. फोड त्यांच्या हातावर ठेवली.

"मले कोण घेईन, बाबा? मी तं नापास आहो."

बाबूंनी तिच्याकडे पाह्यलं. मले वाटलं आता बोलतील, इतके महिने धरून ठेवलेलं सगळं बोलून टाकतील. त्यांचे ओठही हलले. पण ती त्यांच्या डोळ्यात पाहून राह्यली होती, अन् तिची नजर हलत नव्हती.

"हो," म्हणाले. "नापास आहेस."

"हो ना."

"मंग चाल, घरी जाऊ."

डॉक्टरनं सुट्टी देल्ली नव्हती, देणारही नव्हते. तरी ती उठली. पलंगाखाली वाकली, त्यांची चप्पल काढली, अन् उजव्या पायाजवळ ठेवली. एकच. बाबू कोपरावर जोर देऊन उठू लागले, अन् तिनं खांद्याखाली हात घातला, जसं काही ते खरंच निघाले आहेत.

मी त्यांची पिशवी उचलून दाराबाहेर आलो.